यात काय काय टाकलंय?

रक्त, पू, ओकारी यांची मला कधी किळस आली नाही. सिस्टरला ती येऊन चालतच नाही. सकाळी कुणाची सडलेली जखम धुवायची आणि हाताला साबण लावून डब्यातली भाकरी-चटणी खायची, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षातच जमून जातं. मला किळस येते ती माणसं माणसांना जेवायला वाढतात तेव्हा. एकच झारा सगळ्या पातेल्यांत फिरवणारा आचारी, काहीही विचारलं तरी "न्हाई न्हाई" म्हणणारा वाढपी, "येवढ्याशानं काय व्हतंय" म्हणत ताटात ढकलणारी पाहुणी, यांना बघितलं की मी ताट बाजूला सारते. हा रोग मला आधी नव्हता. तो राठोड मॅडमनी लावला आणि त्या स्वतः हिंगोली सोडून निघून गेल्या. मी बसले इथे, दर पंगतीत नाक मुरडत.

कमल राठोड आमच्या खासगी दवाखान्यात डायटीशियन होत्या. डायटीशियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काकडीसारखी बाई येते. मॅडम चांगल्या भरदार होत्या, आवाज जिन्याखालच्या त्यांच्या खोलीतून वरच्या वॉर्डात ऐकू जायचा, आणि जेवायला बसल्या की कुणाकडे बघायच्या नाहीत. पेशंट कुजबुजायचे, "ही आमाला काय सांगनार? हिचंच ताट बघा." मॅडमच्या कानावर ते गेलं की त्या म्हणायच्या, "ज्याला खायला आवडत न्हाई त्यानं दुसऱ्याच्या ताटात बोट घालू न्हाई. मला आवडतं, म्हून मी घालते."

शुगरवाले, किडनीवाले सगळेच त्यांच्याकडे यायचे. पण त्यांचा खरा जीव होता तो वेगळ्याच लोकांत. कुणाला अंडं चालत नाही, कुणाला तीळ, कुणाला शेंगदाणा; चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे, पोटात गेलं की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. अशा माणसाला बाकीचे डॉक्टर एका वाक्यात मोकळं करतात: बाहेरचं बंद. मॅडम या वाक्यावर भडकायच्या.

"बाहेरचं बंद म्हंजी मानूसच बंद. आपल्याकडं बारसं हाय, लगीन हाय, बाजार हाय, तेरवी हाय. गेलं अन् जेवलं न्हाई तर पाव्हन्याचा अपमान, जेवलं तर ह्याचं मरन. त्यानं काय घरात कोंडून घ्यावं काय?"

म्हणून त्या पेशंटला घेऊन चक्क हॉटेलात जायच्या. दवाखान्यात याची भरपूर टिंगल व्हायची. पेशंटला पथ्य सांगायचं सोडून बाई ढाब्यावर नेते, असं आमचा एक्सरेवाला सगळ्यांना सांगत सुटायचा. मॅडमना फरक पडायचा नाही. श्वास अडकलाच तर द्यायच्या इंजेक्शनची चिठ्ठी मोठ्या डॉक्टरांकडून घ्यायच्या आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या दारात उभ्या राहायच्या. "चला सिस्टर. तुमची सुई घ्या. लागली तर लागली, न्हाईतर भजे तरी खाऊ."

सुई मी पर्समध्ये घ्यायचे आणि पोटात काहीतरी टाकून निघायचे, कारण मॅडमबरोबर गेलं की चार हॉटेलांतून उठून पाचव्यात जेवण मिळायचं.

सोनाली आम्हाला भेटली ती स्ट्रेचरवर. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची पोर, घरी शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. हिंगोलीत कॉलेजला होती, खानावळीत जेवायची. घरी आईला ठाऊक होतं की हिला शेंगदाणा चालत नाही, त्यामुळे घरात काही झालं नव्हतं. खानावळीत तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला शेंगदाणे नको. खानावळवाल्या बाईने मान डोलावली होती. मग एक दिवस वांग्याची भाजी खाऊन पोरगी हात धुवायच्या जागीच पडली. खानावळवाली रडत रडत दवाखान्यात आली आणि देवाची शपथ घेऊन म्हणाली, "म्या एक बी शेंगदाना टाकला न्हाई हो मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "आन कूट?"

"कूट तर असतंयच की भाजीत."

मी कपाळावर हात मारला. पण मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आमच्याकडे भाजीत, कोशिंबिरीत, उसळीत, उपासाच्या भगरीत, जिथे तिथे कूट असतं, आणि ते इतकं असतं की ते शेंगदाण्याचं आहे हे कुणाच्या ध्यानातच नसतं. शेंगदाणा म्हणजे अख्खा, दाताखाली येणारा. कूट म्हणजे कूट. मिठासारखं, पाण्यासारखं. ती बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या मते तिने खरोखरच शेंगदाणा टाकला नव्हता.

त्या दिवसापासून मॅडमनी त्यांचा प्रश्न बदलला. पेशंटला त्या बजावायच्या, "शेंगदाने हायेत का, असं विचारू नका. अमुक हाय का म्हनलं की लोक न्हाई म्हनतात. लोकाला न्हाई म्हनायला लई आवडतं. 'यात काय काय टाकलं' असं विचारा. मग त्याला सगळं आठवावं लागतं. तेलापासून सुरू करतंय, आन कुटापाशी येऊन थांबतंय." आणि वाढप्याला विचारायचंच नाही, थेट भटारखान्यात जायचं, ज्याच्या हातात पळी आहे त्याला विचारायचं. वाढप्याचं काम गिऱ्हाईक बसवायचं. तो "विष न्हाई" म्हणत विष वाढेल.

सोनाली बरी झाल्यावर तिची शाळा सुरू झाली. पहिला धडा बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात. सोनालीने पोहे मागवले आणि लाजत लाजत, मान खाली घालून विचारलं, "यात काय काय टाकलंय?" वाढपी म्हणाला, शेंगदाणे हायेत. ती म्हणाली, मला चालत नाहीत. "मग थांबा की ताई," म्हणून तो ताटली घेऊन आत गेला आणि जरा वेळाने परत आला. ताटलीत पोहे होते, शेंगदाणे नव्हते. त्याने बोटांनी एकेक वेचून काढले होते. बोटं अजून पिवळी होती, आणि नखांत जे होतं ते पोह्यांच्या आधीपासूनचं होतं. "बघा, एक बी ठेवला न्हाई," तो अभिमानाने म्हणाला.

मला ओकारी यायचीच बाकी होती. सोनाली हसायला लागली. मॅडमनी ताटली स्वतःकडे ओढली, त्या वाढप्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं, की दाणा गेला तरी त्याचं तेल, त्याचा चुरा पोह्यात राहतो. हळद सांडलेला हात झटकला म्हणून पांढरा होत नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पन मॅडम, थोडंसंच राह्यलं असंल."

"थोडंसं म्हंजी किती? जीव जायायेवढं का राहायायेवढं?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. थोडंसं या शब्दाचा त्यांना जेवढा संताप होता, तेवढा मी दुसऱ्या कशाचा बघितला नाही.

सोनाली हळूहळू तयार होत होती. पण तिची एक खोड जात नव्हती: विचारताना आवाज खाली जायचा. चारचौघांत, त्यातून पुरुषांनी भरलेल्या हॉटेलात, तरुण पोरीने भटारखान्यात डोकावून चौकशा करायच्या, म्हणजे सगळ्या माना वळायच्या. "लाज वाटते ओ मॅडम," ती म्हणायची. मॅडम म्हणायच्या, "वाटू दे. लाजेनं कोनाचा घसा सुजत न्हाई."

महामार्गावरच्या एका ढाब्यावर झालेली गोष्ट मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. सोनालीला काजू चालत होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. तिला काजूकरी खायची हौस, आजवर कधी खाल्ली नव्हती. आम्ही तिघी बसलो. सोनालीने विचारलं, वाढप्याने सांगितलं: काजू, कांदा, टमाटे, मसाला. सगळं ठीक होतं. मॅडम तरी उठल्या आणि सवयीप्रमाणे आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला आणि अख्ख्या ढाब्यावरची माणसं घास हातात धरून बसली. मी धावले. मिक्सरचं भांडं मॅडमच्या हातात होतं आणि त्या ते मालकाच्या नाकाखाली धरून उभ्या होत्या. काजूच्या वाटणात अर्ध्याहून जास्त भिजवलेले शेंगदाणे वाटले होते. त्या भांड्याच्या काठावर कालचं, परवाचं, कुठकुठलं वाटण वाळून चिकटलं होतं, आणि शेजारी ज्या फडक्याने टेबल पुसायचे त्याच फडक्याने आचारी झारा पुसत होता.

मालक जराही ओशाळला नाही. "सगळीकडंच असतंय मॅडम. चव येती. गिऱ्हाइकाला कुटं कळतंय?"

"ह्या पोरीला कळलं असतं," मॅडम म्हणाल्या. "फकस्त कळून उपेग झाला नसता."

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं पुन्हा जेवायला लागली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भांडं ऐकलं, फडकं ऐकलं, आणि "आमाला तर काही होत न्हाई" म्हणून रस्सा ओरपत होती. मला मालकापेक्षा त्यांचीच किळस जास्त आली. दुसऱ्याच्या मरणाने आपल्या रश्श्याची चव बिघडत नाही, अशी जीभ देव कुणाला देतो कोण जाणे.

मग सोनालीचं लग्न ठरलं. मुलगा जवळा बाजारचा, महेश नाव, बियाण्यांच्या दुकानात कामाला. शांत, बरा मुलगा. प्रश्न एकच होता, सांगायचं की नाही. नातेवाईक म्हणाले, गप बसा, लग्न झाल्यावर हळूहळू सांगू, आधी कळलं तर मोडेल. वडील मात्र मॅडमकडे आले आणि खाली बसून म्हणाले, "मॅडम, एक बकरू जे खाऊन माजतं, तेच खाऊन दुसरं फुगतं. आमाला हे काही नवीन न्हाई. पन त्या लोकाला कसं सांगावं ते तुमी बगा."

मॅडम आणि मी जवळा बाजारला गेलो. बाजाराचा दिवस होता. घरात सासू सुमनबाई, तिची धाकटी बहीण, म्हणजे महेशची मावशी, आणि दोन-चार बायका. मॅडमनी त्यांना तासभर समजावलं. कशाकशात कूट असतं, पळी वेगळी का लागते, तेल वेगळं का लागतं, सगळं. सुमनबाई "व्हय, व्हय" करत होती, तिचं अर्धं लक्ष दारासमोर मांडलेल्या दुकानाच्या गिऱ्हाइकाकडे. मावशी मात्र पुढे सरकून सरकून ऐकत होती.

"किती खाल्लं की व्हतंय ओ?"

"कितीबी. चिमटीभर बी पुरे."

"चिमटीभर? बाई गं. आन किती टायमात?"

"लगेच बी. घटकाभरात बी."

मॅडम परत येताना खूश होत्या. म्हणाल्या, "सासूपरीस ती मावशी कामाची हाय. कसं बराबर विचारून राह्यली व्हती." मी म्हटलं, निघताना दारातून मला ऐकू आलं, मावशी म्हणत होती, लई नखरे हायेत पोरीचे. मॅडम बंजारा तांड्यावरच्या. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य वाहायचे. त्या म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या तांड्यावर येऊन, माठातलं पानी नको म्हननारे लोक मी लहानपनी पाह्यले. त्याहिला कोनी नखरेल म्हनलं न्हाई. ते सोवळे. आन ही पोरगी जीव वाचवायला नको म्हनते, तर नखरेल. चालू द्या."

लग्न जवळा बाजारातच होतं. मॅडम मला घेऊन पहाटेच पोचल्या आणि आचाऱ्याला पटवून सोनालीचं जेवण कुटाचा डबा उघडायच्या आधी, नव्या भगुन्यात, नव्या पळीने करून घेतलं. सोनालीची आई ते भगुनं मांडीशी घेऊन बसली होती. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. मग नवरा-नवरीची पंगत. आमच्याकडे नवरा-नवरीने उखाणे घेऊन एकमेकांना घास भरवायचा असतो आणि तो बघायला सगळा मांडव गोळा होतो. ताट घेऊन मावशी आली. हौसेने आली, नवं लुगडं नेसून. त्याच भगुन्यातून सोनालीच्या आईने स्वतः वाढलेलं ताट होतं ते. भगुन्यापासून नवरीपर्यंत चार-सहा पावलांचं अंतर, तेवढंच मावशीच्या हातात होतं.

आणि सोनालीने विचारलं. मुंडावळ्या बांधलेल्या, अंगभर हळद, सगळा मांडव बघतोय, तरी पोरीने मान वर करून विचारलं, "मावशी, यात काय काय टाकलंय?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुलला होता.

मावशीने सोनालीच्या डोळ्यांत बघितलं. "तुज्या आईनं वाढलेलंच हाय की गं. कांदा, वांगं, तिखट-मीठ. दुसरं काय असनार?"

महेशने घास भरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे जे झालं ते मी किती वेळा वॉर्डात बघितलंय, पण शालू नेसलेल्या पोरीला होताना बघितलं नव्हतं. आधी तळहात खाजले. मग ती घसा खाकरायला लागली. "मॅडम," म्हणाली, तर आवाज घोगरा. ओठ सुजत गेले. माणसं म्हणत होती, ठसका लागला, पाणी द्या, पाठीवर मारा. मी लोकांना ढकलत पोचले आणि शालूवरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. कुणीतरी ओरडलं, "नवरीला सुई काहून टोचून राह्यली ही बाई?" जीपमध्ये घालून हिंगोलीला आणेपर्यंत सोनालीचं डोकं मॅडमच्या मांडीवर होतं आणि मॅडम एकसारख्या तिच्या छातीकडे बघत होत्या, वर-खाली होते की नाही.

पोरगी वाचली. ऑक्सिजन लावला, दुसरं इंजेक्शन दिलं, श्वास सुरळीत लागला. तेव्हा बाहेर व्हरांड्यात चर्चा सुरू झाली: अपशकुन झाला, दृष्ट लागली, हळदीत काहीतरी होतं. मॅडम सगळ्यांना एकच विचारत होत्या, ताटात काय गेलं? आचारी शपथा घेत होता, सोनालीची आई रडत होती. आणि मावशी पदराशी चाळा करत म्हणाली,

"म्या तर चिमटीभरच टाकलं व्हतं. खरं हाय का नखरे हायेत, ते बगावं म्हनलं."

मग कुणीतरी पुरुष म्हणाला, "जाऊ द्या आता. तिनं काय वाइटासाठी केलं?" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या! इतकी वर्षं मी या व्हरांड्यात माणसं बघते आहे. दारू पिऊन बायकोचा हात मोडणारे बघितले, म्हाताऱ्या बापाला सोडून पळालेले बघितले. पण त्या माना डोलताना मला जी शिसारी आली ती वेगळी होती. मावशी निदान बघायला निघाली होती. या बाकीच्यांना बघायचंसुद्धा नव्हतं. महेश एकटा कोपऱ्यात बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. घास त्याच हाताने भरवला होता.

मला वाटलं आता मॅडम मावशीला सोलून काढतील. काजूच्या वाटणावरून ढाबा डोक्यावर घेणारी बाई. पण त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. मी मागे गेले तर नळापाशी वाकून ओकत होत्या. ज्या बाईने दुनियेचे मळके झारे नाकाला लावून हुंगले, तिला आज पोटातलं पाणी ठरेना. तोंड धुऊन त्या कठड्यावर बसल्या.

"सिस्टर, मला वाटायचं लोकाला माहीत न्हाई म्हून व्हतं. माहीत करून दिलं की मिटलं. हिला तर मीच माहीत करून दिलं. चिमटीभर पुरते, हे माजंच वाक्य हाय."

मी म्हटलं, तुमचा काय दोष? त्या म्हणाल्या, "पोरीनं तर बराबर विचारलं व्हतं न्हवं? मी शिकवलं तसंच विचारलं. मग आता मी तिला काय शिकवू?"

दुसऱ्या दिवशी सुमनबाई सुनेसाठी डबा घेऊन आली, म्हणाली, म्या सोताच्या हातानं केलंय. सोनालीने भिंतीकडे तोंड फिरवलं. डबा तसाच परत गेला. पोरगी तिथून सासरी न जाता साखऱ्याला आईकडे गेली आणि बरेच दिवस तिथेच राहिली. महेश दर आठवड्याला जायचा, अंगणात बसून यायचा. शेवटी सोनालीने सासरी यायचं कबूल केलं ते एका अटीवर, की चूल तिच्या हातात राहील. सुमनबाईने कुरकुरत मान्य केलं. मावशीचं येणं-जाणं सुरूच राहिलं, नातं कुठे तुटतं? पण ती ओसरीवर बसायची आणि तिचा चहा बाहेर जायचा.

मॅडम मात्र मोडल्या. बाहेरून कळत नव्हतं. आवाज तसाच, जेवण तसंच. पण त्यांचं हॉटेलात जाणं बंद झालं. सुट्टीच्या दिवशी दार वाजेना. आणि एकदा त्यांच्या खोलीवरून जाताना मी ऐकलं, तिळाची ॲलर्जी असलेल्या एका बाईला त्या सांगत होत्या, "बाहेरचं बंद ठिवा. लगीन असो का काही असो. बंद म्हंजी बंद." मी दारातच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या क्षणी मला त्या मावशीची जेवढी चीड आली तेवढी लग्नाच्या दिवशीही आली नव्हती. चिमटीभर कुटाने तिने कुणाकुणाचं काय काय बंद केलं होतं.

पुढे दवाखान्याने मॅडमचा करार वाढवला नाही. त्यांनीही मागितला नाही. नांदेडला भावाकडे जायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी जवळा बाजारहून जीप आली. महेश, सोनाली आणि सुमनबाई माहूरला देवीच्या दर्शनाला निघाले होते. वारंगा फाट्यापर्यंत मॅडमना सोडू, तिथून नांदेडची बस मिळेल, असं त्यांनी ठरवलं होतं. मीही बसले.

फाट्यावर नेहमीचाच गोंधळ. ट्रक, धूळ, कढया, माशा. पाण्याची पिंपं आणि त्यांत बुडवून बुडवून निघणारे तेच ते पेले. सुमनबाईला भूक सोसत नव्हती. तिने समोरच दिसलेल्या हॉटेलात सगळ्यांना बसवलं आणि खिचडी-भजी मागवली. ताटं आलीसुद्धा. सुमनबाईने खिचडी कालवून पहिला घास उचलला. सोनाली उठली.

तिने कुणाला विचारलं नाही. पदर खोचला आणि सरळ भटारखान्यात गेली. मॅडम अर्ध्या उठल्या, मग बाकाची कड दोन्ही हातांनी धरून परत खाली बसल्या. आतून आवाज आला. खणखणीत होता, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही ऐकू जाईल असा. "यात काय काय टाकलंय? न्हाई, तसं न्हाई. डब्बा उघडून दाखवा. हा झारा कशात व्हता? त्याच्या आधी कशात व्हता?" माना वळल्या. कुणीतरी हसलं. महेशने मान खाली घातली नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

सोनाली बाहेर आली. "इथं न्हाई. चला."

"अगं वाढलंय आता," महेश हळूच म्हणाला. सोनाली त्याच्याशी बोललीच नाही, सासूकडे बघत उभी राहिली. सुमनबाईचा घास तोंडापाशी होता. तिला भूक लागली होती, तिला शेंगदाणा चालत होता, आणि अख्खं हॉटेल तिच्याकडे बघत होतं. तिने सुनेकडे बघितलं, मग घासाकडे. घास ताटात ठेवला, पेल्यातल्या पाण्याने हात धुतला आणि गुडघ्यावर जोर देत उठली. "मंग कुटं?" तिने विचारलं.

"बघते," म्हणून सोनाली पुढच्या हॉटेलाकडे निघाली. सासू तिच्या मागे, पदराने तोंडावरची धूळ अडवत, आणि महेश त्या दोघींच्या मागे. आमच्या टेबलावर ताटं तशीच राहिली आणि वाढपी आमच्याकडे असं बघत होता की जणू आम्ही त्याचं काही चोरलंय.

मी मॅडमना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "थांबा. जाऊ द्या त्याहिला फुडं." त्या तिकडेच बघत होत्या. डोळे भरले होते आणि त्या पुसत नव्हत्या. सोनाली दुसऱ्या हॉटेलाच्या भटारखान्यात शिरली. सुमनबाई दारात उभी राहून आत डोकावत होती आणि बोट दाखवून काहीतरी विचारत होती.

तेवढ्यात नांदेडची बस आली. फाट्यावर बस थांबते कुठे, हळू होते एवढंच. मॅडमनी पिशवी उचलली. मी म्हटलं, "सोनालीला हाक मारते, भेटून तरी जा."

मॅडमनी माझा हात धरला. "नका बोलावू, सिस्टर. विचारून राह्यली ती."

आणि त्या बसमध्ये चढल्या.